इस्लाम समजून घ्यायचाय? मग सवलती आधी बघा

इस्लामची ओळख म्हटलं की कलमा (श्रद्धेची कबुली), नमाज, रोजा, जकात, हज ही पाच नावं सांगून लोक मोकळे होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाप रे, किती कडक आहे हे सगळं. मला वाटतं यातल्या प्रत्येक गोष्टीत कोणाला सूट आहे आणि कशी आहे ते आधी बघावं, या धर्माचा स्वभाव तिथे जास्त कळतो.

पण श्रद्धेचं थोडक्यात सांगते. मुळाशी तौहीद, म्हणजे अल्लाह एकच, त्याला भागीदार नाही, मूलबाळ नाही, मूर्ती नाही. मुहम्मद पैगंबर त्याचे शेवटचे प्रेषित, पण माणूसच, त्यांची इबादत, म्हणजे उपासना, होत नाही. आणि शेवटचे म्हणजे आधीही बरेच होऊन गेले, आदम, नूह, इब्राहीम, मूसा (मोझेस), ईसा (येशू), या सगळ्यांना मानणं ईमानचाच, म्हणजे श्रद्धेचाच भाग आहे हे खूप जणांना माहीतच नसतं, कुरआनात पैगंबरांपैकी सगळ्यात जास्त वेळा नाव येतं ते तर मूसांचं. शिवाय फरिश्ते (देवदूत), अल्लाहने उतरवलेले ग्रंथ, तकदीर (नशीब), आणि कयामतचा दिवस जेव्हा प्रत्येकाला आपापला हिशेब द्यायचाय.

आता नमाज. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा अशा पाच, तोंड मक्केतल्या काबाकडे, दिवसभरात मिळून १७ रकात (उभं राहणं, वाकणं, सजदा असा नमाजचा एक फेरा) फर्ज, म्हणजे सक्तीच्या. (शिया लोक जोहर-असर आणि मगरिब-इशा बऱ्याचदा जोडून पढतात.) आधी वुजू करायचा, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायचे, पण पाणीच नसेल किंवा आजारपणात पाणी बाधणार असेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे, याला तयम्मुम म्हणतात. उभं राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर आडवं पडून, प्रवासात असाल तर चार फर्ज रकातींच्या दोन होतात. बाईला मासिक पाळीत नमाज माफ, आणि ती नंतर भरूनही काढायची नसते. रोजे मात्र नंतर ठेवायचे असतात.

रोजे रमजानमध्ये, पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत अन्नपाणी बंद. हिजरी, म्हणजे इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं, साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो, म्हणजे उन्हाळ्यातले लांबलचक रोजे कायम एकाच देशाच्या वाट्याला येत नाहीत, मला हे फार आवडतं. आजारी आणि प्रवासी नंतर ठेवू शकतात, आणि म्हातारपणामुळे किंवा बरा न होणाऱ्या आजारामुळे जमणारच नसेल तर प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालायचं.

हज आयुष्यात एकदा, तोही ऐपत आणि तब्येत असेल तरच.

सगळ्यात कमी समजलेली गोष्ट म्हणजे जकात. लोक तिला दान म्हणतात पण मनात आलं तर द्यायचं असं ते नाहीच, ते फर्ज आहे, आणि कुरआनात श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे असंच म्हटलंय. घेणारा हक्काचं घेतोय म्हटल्यावर त्याची मान खाली जायचं कारण उरत नाही, उपकार केल्याचं बोलून दाखवलं तर सदका (दानधर्म) वाया जातो असंही कुरआन बजावतं. हिशेब असा की ठराविक मर्यादेच्या, म्हणजे निसाबच्या वर संपत्ती चांद्र वर्षभर हातात राहिली तर तिच्यातले २.५ टक्के काढायचे. सोन्याचा निसाब साधारण ८५ ग्रॅम धरतात, त्याहून कमी असेल आणि बाकी काही साठलेलं नसेल तर जकात नाहीच. शेतीचं गणित वेगळं, पावसावर आलेल्या पिकातला दहावा भाग, पण पाणी स्वतः कष्टाने दिलं असेल तर विसावा, म्हणजे घाम जास्त गाळला तर देणं निम्मं! कोणाला द्यायची तेही कुरआनात आठ प्रकारांत ठरलंय, त्यात गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत, वाटेत अडकलेला प्रवासी आहे. आईवडील आणि मुलांना जकात चालत नाही, कारण त्यांना सांभाळणं तुमचं कर्तव्यच आहे, ते जकातीत कसं मोजणार?

बारीक मुद्द्यांवर मतभेद आहेतच. बाईच्या अंगावरच्या रोजच्या सोन्यावर जकात लागते का, तर सुन्नींच्या चार मसलकांपैकी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंथांपैकी, हनफी हो म्हणतात, शाफई, मालिकी आणि हनबली मतानुसार सहसा नाही. त्यामुळे दागिने असतील तर हिशेब करण्याआधी आपल्या मसलकच्या जाणकार आलिमला (धर्मपंडिताला) नक्की विचारून घ्या, आणि वर्ष कधी पूर्ण होतं ती हिजरी तारीख कुठेतरी लिहून ठेवा.