पैलवानाचा उतरलेला खांदा

"डॉक्टरसाहेब, खांदा उतरलाय. हिसका मारून बसवा पटकन. पुढच्या आठवड्यात मैदान हाय."

वस्ताद आत येता येताच बोलले. मागे एकोणीस वर्षांचा पैलवान, अंगाला अजून तालमीची लाल माती, डावा हात कोपरापाशी उजव्या हातानं सावरलेला. ढाक डाव लागला तेव्हा पडताना त्यानं हात टेकवला होता.

खांद्याचा गोलावा गेला होता. वर हाडाचं टोक आणि त्याखाली खळगा. दंडाच्या हाडाचा गोळा पुढे सरकलाय हे नुसतं बघून कळत होतं, तरी एक्स-रे काढलाच, कारण हाड मोडलेलं असेल तर ओढाओढीत तुकडे हलतात. दंडाच्या बाहेरच्या अंगाला कापूस फिरवला. "इथं कळतंय?"

"न्हाई."

मला धास्ती वाटली ती त्या उत्तराची. सांध्याच्या अगदी खालून एक नस जाते. खांद्यावरचा मोठा स्नायू तिच्यावर चालतो. ती ताणली गेली होती, आणि हिसका मारला असता तर आणखी ताणली असती.

वेदनाशामक इंजेक्शन देऊन त्याला निजवलं. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात दुमडलं आणि हात अगदी सावकाश बाहेर वळवायला लागलो. जरा दुखलं की थांबायचं. त्या पोराचे कमावलेले स्नायू आवळून बसले होते आणि हाडाला बाहेरच अडकवून ठेवत होते. अशा अंगाशी जोरानं झुंजून काही साधत नाही. मी त्याला खुराक विचारला. तो दूध, बदाम, तूप सांगत राहिला, स्नायू सैल पडत गेले, आणि गोळा आवाज न करता आत गेला. त्याला स्वतःलाच आधी कळलं. चेहराच बदलला!

दुसरा एक्स-रे बघून वस्तादांना कोपऱ्यातल्या सांगाड्यापाशी नेलं. खुब्याची वाटी खोल असते, गोळा तिच्यात रुतून बसतो. खांद्याची वाटी उथळ. एका वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिला टेकलेला असतो. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच निखळतो. खवाट्याचं हाड बरगड्यांना सांध्यानं जोडलेलंच नाही, स्नायूंवर तोललेलं आहे. अख्खा हात धडाला हाडानं जोडला जातो तो फक्त कॉलर बोनमधून.

वस्तादांनी ते हाड बोटानं चाचपून बघितलं. "एवढ्याशा काडीवर? मग डाव मारताना सगळं पेलतं कोण?"

"गोळ्याभोवतीचे चार छोटे स्नायू त्याला वाटीत दाबून धरतात. जोर मारून ते फुगलेले दिसत नाहीत, पण आता त्यांचीच मेहनत करायची. वाटीची कडा फाटलीय का ते एमआरआयवर बघू. या वयात खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळायची शक्यता फार."

"मैदान?"

"हे नाही. तीन आठवडे झोळी, मग व्यायाम. कुस्ती काही महिन्यांनी, तीही ताकद तपासून."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बैठका तरी?"

दुखणं उतरलं की झोळीतच चालतील म्हटलं. जोर बंद. नसेचा बधिरपणा जायला बरेच आठवडे लागले, आणि तोवर दर तपासणीला वस्ताद स्वतः त्याला घेऊन येत होते.