शनिवारचा वजनकाटा

वजन कमी करायचा ग्रुप लावला होता म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, खायला काय द्यायचे? खाण्याचं मला फारसं जड गेलं नाही. दोन भाकरींची एक झाली, रात्रीचा भात गेला, सासूबाईंनी चार दिवस नाक मुरडलं आणि मग त्याही विसरल्या. रविवारी पहाटे सगळ्यांनी मिळून अजिंक्यतारा किल्ला चढायचा, वरच्या मंगळाईदेवीला हात जोडून खाली यायचं, ते तर मला अजूनही आवडतं. डोकं फिरवलं ते शनिवारच्या वजनाने.

मी गेले ते हौसेने नाही. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.१ आली होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, पाच-सात टक्के वजन उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो. एकटीने आपल्याच्याने होत नाही, म्हणून साताऱ्यातच एका तीन महिन्यांच्या बॅचला नाव घातलं. फी सगळी आधीच भरून घेतात. तुम्ही जाणार असाल तर महिन्या-महिन्याने घेतात का ते विचारा, आणि पहिल्याच दिवशी पावडरचा डबा गळ्यात मारायला लागले तर तिथूनच घरी या. आमच्याकडे निदान ते नव्हतं.

तर वजन. शनिवारी संध्याकाळी सहाला हॉलवर जमायचं. सतरंजी अंथरलेली, तिच्यावरच काटा, शेजारी खुर्चीत मॅडम वही घेऊन. एकेकीने चढायचं आणि मॅडम आकडा मोठ्याने वाचणार. उतरलं तर टाळ्या, वाढलं तर दहा रुपये डब्यात. दहा रुपयांचं काही नाही हो, पण "ताई, चारशे ग्रॅम वाढ! काय खाल्लंत?" हे वीस बायकांसमोर ऐकायचं म्हणजे तळपायाची आग मस्तकात जाते. त्या आठवड्यात घरात श्राद्ध होतं, दोन दिवस उभी राहून स्वयंपाक केला, हे वहीत कुठे लिहिणार?

मग त्या वजनासाठी बायका काय काय करायला लागल्या! दुपारपासून पाणी बंद. बांगड्या, घड्याळ, केसातली क्लिप, सगळं पर्समध्ये. एकीने तर गळ्यातलं मंगळसूत्रही काढून मैत्रिणीच्या हातात दिलं. शनिवारचा उपवास धरणाऱ्यांची आणखी वेगळी कथा: दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू, आणि संध्याकाळी काट्यावर आश्चर्य. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचा कूट आणि तूप, मग दुसरं काय होणार?

माझा आकडा एका टप्प्यावर अडकला तो हलेचना. टाळ्याही नाहीत, दंडही नाही, नुसतं "हं, तेवढंच" आणि पुढचं नाव. तो "हं" दंडापेक्षा वाईट लागायचा. शेवटी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनाच विचारलं. ते हसले. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. एका रात्रीत तेवढं लग्नाच्या पंगतीतही होत नाही. शनिवारी दिसतं ते बहुतेक पाणी. लोणचं-पापड जास्त झाले की शरीर पाणी धरतं, पाळीच्या आधी धरतं, आणि सकाळ-संध्याकाळच्या वजनात तर किलोभराचा फरक सहज पडतो. त्यांनी कमरेला टेप लावायला सांगितली. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की धोका धरतात. माझा आकडा अडकला होता त्या दिवसांतही टेप आत सरकत होती.

पुढच्या शनिवारी मी गुपचूप काटा सतरंजीवरून उचलून फरशीवर ठेवला. आकडा बदलला! मऊ जागेवर काटा नीट दाखवत नाही, हे मॅडमना माहीत नसावं किंवा त्यांना फिकीर नसावी. "ताई, काट्याला हात लावू नका." मी म्हटलं, मॅडम, मग वहीला तरी नका लावू. त्या दिवशी टाळ्या पडल्या त्या मला, आणि मागून एक काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई बोललीस." मला अजून त्याचं समाधान आहे.

पण तोवर अर्धी बॅच गळाली होती. वाढलं म्हणून एक शनिवार चुकवला की पुढचा आपोआप चुकतो, आणि मग रस्त्यात भेटली की बाई दुसरीकडे बघते. जिला ग्रुपची सगळ्यात जास्त गरज, तीच आधी पळते. म्हणून वाढलेल्या आठवड्यात तर जाच. आकडा मोठ्याने वाचू नका असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मी ते नंतर सांगितलं, तरी ऐकलं.

आता मी वजन घरी करते, सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, बाथरूमबाहेरच्या फरशीवर. उरलेल्या आम्ही सात-आठ जणी रविवारचा किल्ला चुकवत नाही. एचबीए१सी ५.६ वर आली आहे. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. आमच्यातल्या एकीला चढावरच घाम फुटून गरगरलं होतं. कुणाच्या तरी पिशवीत कंदी पेढे होते म्हणून निभावलं.