रिझॉल्व्हमधून प्रो टूल्समध्ये आणि परत: माहितीपटाच्या आवाजाची नोंद

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचा एडिट कायम झाल्यावर, वीस मिनिटांच्या माहितीपटाचा आवाज रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमधून प्रो टूल्स या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये नेला. मिक्स होऊन तो आता परत टाइमलाइनवर बसलाय आणि शेवटच्या वाक्यापर्यंत ओठ नि शब्द जुळतायत. वाटेत जे पक्कं झालं ते इथे लिहून ठेवतोय.

निर्यातीआधी टाइमलाइन आवरली. मुलाखतीचा कॉलर माइक, बूम, वातावरण, संगीत यांना आपापले ट्रॅक दिले. कंपाउंड क्लिप (अनेक क्लिप एकत्र बांधून केलेल्या) सोडवल्या आणि वेग बदललेल्या क्लिप रेंडर करून घेतल्या. काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

नेण्यासाठी ओएमएफ न घेता एएएफ घेतलं; दोन्ही एडिट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे फाइल प्रकार आहेत. ओएमएफला फाइलमागे २ जीबीची मर्यादा आहे, त्यामुळे लांब मुलाखती असल्या की ते लगेच तोकडं पडतं. एएएफमधून क्लिपच्या जागा आणि फेड नीट आले. व्हिडिओ एडिटमध्ये लावलेले ईक्यू, नॉइज रिडक्शन वगैरे मागेच राहिले आणि ते मला हवंच होतं. कच्चा एडिट ऐकताना सोय म्हणून लावलेलं प्लगइन मिक्सला नको असतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो हँडलचा. प्रत्येक क्लिपच्या दोन्ही बाजूंना २ सेकंदांचा जादा आवाज सोबत घेतला. एका मुलाखतीत बाई 'हो' म्हणतात, श्वास घेतात आणि पुढचं वाक्य सुरू करतात. एडिटमध्ये कट नेमका त्या श्वासाच्या मधोमध होता, त्यामुळे श्वास चिमटा काढल्यासारखा तुटत होता. क्लिपची कड थोडी मागे ओढली आणि अख्खा श्वास मिळाला. प्रश्न विचारण्याआधीची खोलीची शांतताही त्याच हँडलमध्ये सापडली. तो रूम टोन मी दोन वाक्यांमधल्या भोकांत भरला. हँडल नसते तर दर वेळी रिझॉल्व्ह उघडून मूळ फाइल शोधावी लागली असती. एएएफ हँडलशिवाय कुणी पाठवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आता सिंक, म्हणजे चित्र नि आवाज जुळणं. सँपल रेट दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ, फ्रेम रेट दोन्हीकडे २५. म्हणजे एका फ्रेममध्ये बरोबर १९२० सँपल बसतात. माहितीपट ०१:००:००:०० ला सुरू होतो, म्हणून ००:५९:५८:०० वर एक फ्रेमभर १ किलोहर्ट्झचा टोन ठेवला. हाच तो टू-पॉप. शेवटच्या फ्रेमनंतर २ सेकंदांनी तसाच दुसरा. संदर्भासाठी नेलेल्या व्हिडिओवर टाइमकोड छापून घेतला होता, तोही उपयोगी पडला.

दोन पॉप ठेवण्यामागे कारण आहे. दोन्ही सारखेच सरकलेले दिसले तर सगळा ट्रॅक उचलून जागेवर ठेवला की झालं. पहिला जुळतोय आणि शेवटचा नाही, असं असेल तर मात्र वेगच कुठेतरी बदललाय. २३.९७६ आणि २४ या फ्रेम रेटची गल्लत झाली की ०.१ टक्क्याचा फरक पडतो: तासाला ३.६ सेकंद, वीस मिनिटांत १.२ सेकंद. सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून हा फरक सहज नजरेआड होतो. शेवटचा पॉप तो लगेच पकडतो.

परत आणताना २४ बिट ब्रॉडकास्ट वेव्ह वापरलं. या फाइलमध्ये टाइमस्टॅम्प असतो, त्यामुळे ती टाइमकोडप्रमाणे आपल्या जागी ठेवता येते. एएसी किंवा एमपीथ्री इथे नकोच. आवाज दाबून अशा लहान फाइल बनवणारे एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता जोडतात. एएसीमध्ये ती बऱ्याचदा २११२ सँपल असते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४४ मिलिसेकंद, एका फ्रेमपेक्षा जास्तच.

पूर्ण मिक्ससोबत संवाद, संगीत आणि इफेक्ट्स असे तीन स्टेमही, म्हणजे मिक्सचे वेगवेगळे भाग, काढले. तिन्ही एकत्र वाजवल्यावर मिक्सच ऐकू यावा, म्हणून मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची पातळी ठरावीक हद्दीत रोखणारा) स्टेम काढताना बंद ठेवला आणि पातळी आधीच सांभाळली. पडताळायला तिन्ही स्टेमची बेरीज उलट्या फेजमध्ये मिक्सवर टाकली. पूर्ण शांतता आली.

पुढचं काम री-कॉन्फॉर्मचं, म्हणजे बदललेल्या एडिटप्रमाणे आवाज पुन्हा जुळवण्याचं. मधला एक प्रसंग ११ फ्रेमने लहान होणार आहे, आणि तयार मिक्समधलं संगीत न तोडता तो कट कसा बसवायचा, हे स्टेम हाताशी घेऊन पाहतोय.