लहान टाकीतली कन्व्हिक्टची जोडी

३०×१२×१५ इंचांच्या टाकीत, म्हणजे साधारण ८५ लिटर पाण्यात, कन्व्हिक्ट सिक्लिडची एकच जोडी ठेवा. तिसरा मासा नकोच. मूळचे मध्य अमेरिकेतले हे मासे अंडी घातली की अख्खी टाकी आपलीच समजतात. तिसऱ्या माशाला पळायला जागा उरत नाही; शेपटी कुरतडलेला, तो वरच्या कोपऱ्यात उभा दिसतो.

मादी लहान, पोटावर नारिंगी खवले. ती तयार नसेल तर नर तिलाही सोडत नाही. म्हणून तिच्यापुरतंच तोंड असलेली एक गुहा हवीच. आडवी ठेवलेली छोटी मातीची कुंडीही चालते. मार फार बसत असेल तर मध्ये जाळी लावा.

दगड आधी तळावर टेकवा, मग रेती टाका. हे मासे रेती उकरतात. रेतीवर रचलेला दगड घसरला की काच तडकते. अगदी नव्या हौशी माणसाकडून हीच चूक होते.

तापमान २५ ते २७ अंश. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढूनच. अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात. तेव्हा टाकीत हात घातलात तर चावणारच.