बाल्कनीचे पैसे आणि बिनखिडकीची खोली

आईला बोटीतून रत्नागिरीचा दिवा बघायचा होता. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी यायची, डेकवर सतरंजी टाकून झोपायची आणि रत्नागिरीला पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्याला लागायची. रत्नदुर्ग किल्ल्यावरच्या दीपगृहाचा दिवा दिसला की आजोबा सगळ्या पोरांना उठवायचे. म्हणून तिच्या पंचाहत्तरीला आम्ही मुंबई-गोवा क्रूझ ठरवली. गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला येतो, म्हणून मुद्दाम जास्तीचे पैसे भरून डाव्या बाजूची बाल्कनीची केबिन घेतली.

मुंबईत चेक-इनला हातात पडलं ते आतल्या केबिनचं कार्ड. 'बाल्कनी फुल्ल आहेत, वर रिसेप्शनला बोला.' रिसेप्शनवाले म्हणाले, एजंटशी बोला. एजंट फोन उचलेना. तोवर बोट सुटली.

दिवा मालवला की त्या खोलीत डोळ्यासमोरचा हात दिसत नव्हता. जुन्या बोटीवर आईला कधी बोट लागली नव्हती, ती इथे लागली. रात्री तिला वरच्या डेकवर नेलं. तिथे गाणी, झगमगाट, आणि कठड्यापलीकडे नुसता काळोख. बोट बरीच बाहेरून चालली होती. ती कठडा धरून डावीकडे बघत राहिली. रत्नागिरी कधी मागे पडली, कळलंच नाही.

एक बरं केलं. केबिनचा नंबर दिसेल असा दाराचा फोटो काढला आणि रिसेप्शनला लेखी तक्रार देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घेतला. पुढे सगळं त्या एका कागदावर तरलं.

घरी आल्यावर ई-मेल सुरू झाले. कंपनीने आधी अटी-शर्ती दाखवल्या, मग 'पुढच्या सफरीत सवलत' देऊ केली. पुढची सफर कोणाला हवी होती? ती नाकारल्याचंही मी लेखी कळवलं; गप्प बसलो असतो तर मान्य केलं असं धरलं असतं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन कंपनीला विचारते, समेटाचा प्रयत्न करते, पण हुकूम देऊ शकत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सवलतीचं उत्तर.

शेजारच्या वकीलकाकांनी मार्ग दाखवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे मुंबईला खेपा नकोत, आमच्या रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग चालतो. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत २ वर्षांची. हे सगळं लिहून, फोटो आणि पोच जोडून, १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली. नवव्या दिवशी कंपनीचा स्वतःहून फोन आला. दोन्ही केबिनींच्या भाड्यातला फरक, ३१,६०० रुपये, खात्यात जमा झाला. आईला झालेल्या त्रासाची भरपाई द्यायला ते तयार नव्हते. मी आयोगात जाणार होतो, पण आईच म्हणाली, "पुरे आता."

पैसे आल्याचं सांगितलं तेव्हा ती अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. हात तसेच लाल. म्हणाली, "आणि दिवा?"

मिरकरवाड्यातल्या एका ओळखीच्या होडीवाल्याला विचारून ठेवलंय. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत, समुद्र शांत असेल त्या संध्याकाळी, तो तासभर बाहेर नेणार आहे. उघड्या होडीत आपल्याला लागत नाही, असं आई ठामपणे सांगते.