उक्षीचा हत्ती उन्हं कलल्यावर दिसतो

रत्नागिरीहून उक्षीला आम्ही मुद्दाम रेल्वेने गेलो. भोके स्टेशन मागे पडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. बराच वेळ नुसता काळोख आणि कानात घुमणारा आवाज, मग उजेड, आणि थोड्या वेळात उक्षी. आधी डोंगराच्या पोटातून जायचं आणि मग त्याच डोंगराच्या पाठीवर कोरलेलं हत्तीचं चित्र बघायचं, हा क्रम मला फार आवडला.

स्टेशन खाली आहे. कातळशिल्प, म्हणजे कातळात चर खोदून काढलेलं हे चित्र, वर सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर आहे. रिक्षा आधी ठरवून ठेवा. इथे मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा परतीची वेळही पाहून निघा.

आमची चूक वेळेची झाली. भर बारा वाजता पोचलो. गावाने हत्तीभोवती जांभ्या दगडाचा गोल कठडा बांधला आहे. त्यावरून मी आणि आतेभाऊ कितीतरी वेळ बघत होतो, पण डोक्यावरच्या उन्हात चर आणि कातळ एकाच रंगाचे झालेले. गुरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. "आत्ता काय दिसणार? उन्हं कलली की या." देवळात टेकलो आणि चारनंतर परत गेलो. तिरप्या उन्हाने चराच्या एका कडेला सावली धरली होती आणि सोंडेपासून शेपटीपर्यंत अख्खा हत्ती कातळातून वर आला होता. आतेभाऊ चित्रकला शिकवतो. तो हळूच म्हणाला, "एवढ्या कमी रेषांत हत्ती काढायला आम्हाला जन्म पुरत नाही."

कोकणातल्या सड्यांवरची ही अशी शिल्पं दहा हजार वर्षांहून जुनी असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत शेतीचं चित्र नाही, हे त्यामागचं एक कारण. काही ठिकाणी तर गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्यांतली नऊ ठिकाणं गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं फणसामळ.

दुसऱ्या दिवशी पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला गेलो. इथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब. तुम्ही त्याच्याजवळ उभे राहिलात तर तो हत्ती आहे हे कळतच नाही. सावकाश कडेने चालत फिरा. मोठ्या रेषेच्या आत पाकट मासा, शार्क, जनावरं अशी सत्तरच्या आसपास चित्रं आहेत, एकेक करून सापडत जातात. मी सकाळी सातला गेले होते, तरी दीड तास अपुरा पडला. उरलेल्या वेळात गावातलं कनकादित्याचं देऊळ बघा.

पावसाळ्यात सड्यावर गवत आणि पाणी असतं, म्हणून नोव्हेंबरनंतर जा. सावली अजिबात नाही. टोपी आणि दोन बाटल्या पाणी हवंच. पुष्कळशा जागा खासगी आहेत, तेव्हा गावात विचारून, जमल्यास गावातलाच माणूस सोबत घेऊन जा. चित्रावर पाय देऊ नका. आणि फोटो नीट यावा म्हणून चरांत खडू, रांगोळी किंवा चुना कृपा करून भरू नका. फोटोला तिरपं ऊन पुरतं, फक्त त्याची वाट बघावी लागते.