दुपारी दोननंतर मरणाऱ्या कोंबड्या

2025 च्या मार्चमध्ये सोलापूर शहरात कावळे, बगळे मरून पडू लागले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल बर्ड फ्लूचा आला. मी सरकारी पशुवैद्यक, तेव्हापासून माझा फोन रात्रीही वाजत होता. पत्र्यावर चिमणी मेली तरी लोक फोटो पाठवायचे. त्यातले निम्मे पक्षी उन्हाचे बळी असतात, पण प्रत्येक ठिकाणी जावं लागतं आणि जायलाच हवं.

अक्कलकोट तालुक्यातून अण्णांचा फोन आला तो वेगळा होता. "मॅडम, कालपासून दोनशेच्या वर गेल्या. गावात आधीच कुजबूज सुरू हाय. या की लगेच."

शेडमध्ये 5,000 ब्रॉयलर होते. करारावरचे नव्हेत, पिल्लं, खाद्य, औषध सगळं अण्णांच्याच पैशाचं. चाळिसाव्या दिवशी गाडी भरून कलबुर्गीला जायची होती. व्यापाऱ्याने ऐनवेळी फोन केला, "सोलापूरचा माल सध्या नको." शहरातले बाधित कावळे या शेडपासून चाळीसेक किलोमीटरवर. मधे कुठेही आजारी कोंबडी सापडलेली नव्हती. पण पत्त्यात जिल्हा सोलापूर होता, तेवढं पुरलं.

बाहेरच्यांना कळत नाही ती गोष्ट इथून पुढची आहे. ब्रॉयलर हा थांबवून ठेवायचा पक्षी नाही. दोन किलोच्या पुढे गेला की तो रोज पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम खातो. म्हणजे पाच हजार पक्ष्यांना दिवसाला जवळजवळ एक टन खाद्य. वजन वाढत जातं, अंगातली उष्णता बाहेर टाकणं त्याला जमेनासं होतं, आणि सोलापूरचा मार्च कसा असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. गाडी थांबवली म्हणून पक्षी जड झाले, जड झाले म्हणून उन्हाने मरू लागले, मेले म्हणून गाव म्हणू लागलं की रोग आला.

मी पीपीई किट चढवून आत गेले. त्या उन्हात किटच्या आत पाच मिनिटांत घामाची धार लागते, चष्म्यावर वाफ धरते. तरी मी घाई केली नाही. तुरे आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे पडले आहेत का, डोळ्यांभोवती सूज आहे का, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळलंय का, विष्ठा हिरवी आहे का, एकेक पाहिलं. काहीही नव्हतं. मग अण्णांच्या बायकोने, वहिनींनी, मरतुकीची वही पुढे केली. मी पाहिलेल्या अधिकृत रजिस्टरांपेक्षा ती चांगली ठेवलेली होती. त्यात वेळ लिहिली होती. जवळजवळ सगळ्या कोंबड्या दुपारी दोन ते पाचमध्ये गेलेल्या, आणि त्याही शेडच्या पश्चिमेच्या टोकाला, जिथे पंखा बंद होता. सकाळी खाद्य पूर्ण उठत होतं. बर्ड फ्लू घड्याळ बघून येत नाही आणि पंखाही बघत नाही.

मला खात्री होती. एक कोंबडी उघडली असती तर उष्माघातात छातीचं मांस शिजल्यासारखं फिकट दिसतं, ते तिथेच अण्णांना दाखवता आलं असतं. पण बर्ड फ्लूचा संशय असेल तर पक्षी शेतावर उघडायचा नसतो, कारण विषाणू असलाच तर एका चिरेत तो हवेत, हातांवर, जमिनीवर पसरतो. नियम बरोबर आहे. मी तो पाळला आणि उद्याही पाळेन. घशातले आणि गुदद्वारातले स्वॅब घेतले, गुलाबी द्रवाच्या कुप्यांत बुडवून झाकणं सील केली, अख्खे मृत पक्षी दुहेरी पिशव्यांत बांधले, तिसरं आवरण खोक्याचं, आत बर्फाचे पॅक. कुपीवरचं लेबल पेन्सिलीने लिहायचं, शाईचं ओलाव्याने पुसतं. हे कुणी पुस्तकातून शिकवत नाही. नमुने पुण्याला, तिथून भोपाळला.

अहवाल येईपर्यंत पक्षी हलवायचे नाहीत असं मलाच लेखी द्यावं लागलं. अण्णांनी कागद घेतला, वाचला, आणि विचारलं, "मग मी यांना खायला घालू का नको, एवढं सांगा."

शेडमागे अजून उंच जाळीचं कुंपण उभं आहे, शहामृगासारख्या एमू पक्ष्यांच्या पालनाची लाट आली होती तेव्हाचं. तेव्हा घेणारे गायब झाले आणि पक्षी अंगावर पडले. त्या जाळीकडे बघत अण्णा म्हणाले, "शहामृगाला पण होतो म्हणे हा रोग?" होतो. 2011 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्लाइन कारू भागात शहामृगांत बर्ड फ्लूचा एच5एन2 विषाणू सापडला. रोग पश्चिमेकडच्या एका पट्ट्यात, पण युरोपचं दार संपूर्ण देशाच्या ताज्या शहामृग-मांसाला बंद झालं आणि अनेक वर्षं बंद राहिलं. पुढे शिजवलेल्या मांसाला वाट मिळाली, कारण मांसाच्या गाभ्यात 70 अंश तापमान 3.5 सेकंद टिकलं की विषाणू निष्प्रभ होतो, हे जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमावलीतच आहे. आपल्या रश्श्याला अर्धा तास उकळी येते, तरी त्या आठवड्यात शहरातली चिकनची दुकानं ओस होती.

आणि आपण स्वतः काय केलं होतं? परदेशात कुठेही बर्ड फ्लू निघाला की त्या पूर्ण देशाची कोंबडी आपण बंद करत होतो, सौम्य प्रकारचा विषाणू असला तरी. 2012 मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि 2015 मध्ये अपिलातही भारत हरला. रोगमुक्त भाग वेगळा मानायला हवा होता, तो आपण मानला नाही, हा त्यातला मोठा मुद्दा. देशात मात्र आपला आराखडा वर्तुळाचा आहे. कोंबड्यांत रोग निघाला तर एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे, दहापर्यंत पाळत. 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तेच झालं. मारलेल्या मोठ्या ब्रॉयलरला तेव्हा 70 रुपये भरपाई होती. वर्तुळाबाहेर राहून नुकसान झालेल्याला काही नाही. अण्णांचं शेड कुठल्याही वर्तुळात नव्हतं, म्हणून त्यांना आराखड्याचं संरक्षणही नाही आणि भरपाईही नाही.

निर्बंधांच्या बाजूची मी आहे. आजारी भागातली एक गाडी सुटली तर काय होतं, ते 2006 मध्ये नवापूरच्या बर्ड फ्लूच्या वेळी काम केलेल्या ज्येष्ठांकडून ऐकलंय. पण निर्बंधाला कड हवी. ती रोगापासून मोजलेली असावी, जिल्ह्याच्या नावावरून नव्हे. आमच्या एका वरिष्ठांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "व्यापाऱ्याची भीती हा आपला विषय नाही." मला ते अजिबात पटलेलं नाही. पक्ष्यांच्या आरोग्याचा दाखला आपण देतो, तर त्या दाखल्यावर व्यापाऱ्याला काय वाचता येतं हाही आपलाच विषय आहे.

अहवाल निर्दोष आला. तोवर मरतूक वाढतच गेलेली. मग अण्णांनी उरलेले पक्षी आसपासच्या गावांत, आठवडी बाजारात, मिळेल त्या भावाने काढले. अडीच किलोच्या वरचा पक्षी दुकानदार घेत नाही, म्हणून त्यात आणखी तोडलं. पुढची पिल्लं टाकलेली नाहीत. वहिनींनी वहीचे फोटो मला पाठवले आणि लिहिलं, "पुढं कुणाला लागलं तर दाखवा." ते फोटो मी प्रशिक्षणात दाखवते, मरतुकीची वेळ लिहा, असं प्रत्येक शेडवर सांगते.

आरोग्य दाखल्यावर मी आता खाली हाताने एक ओळ लिहिते: सर्वात जवळच्या बाधित ठिकाणापासून अंतर इतके किलोमीटर, शेवटच्या बाधित नमुन्याची तारीख अमुक. छापील नमुन्यात तसा रकाना नाही. एका व्यापाऱ्याने ती ओळ वाचून गाडी पाठवली, दुसऱ्याने वेगळा शिक्का मागितला. रकाना छापूनच यावा म्हणून प्रस्ताव वर पाठवलाय, सोबत वहीची पानं जोडलीत. उत्तर आलेलं नाही. पुढच्या आढावा बैठकीत तो विषय मी पुन्हा घेणार आहे.